आकडा खाली येत नाही

हार्टविग ओल्टमान्स आयुष्यभर आकडे वाचत आला. लेअर गावच्या बंधाऱ्याच्या कचेरीत एकतीस वर्षं पाण्याची पातळी टिपायची, खाली सही करायची, घरी जायचं. पाणी कुणाच्या तळघरात शिरलं हे त्याने कधी विचारलं नाही; तो रकाना त्याच्या वहीत नव्हता. निवृत्त झाला आणि आमच्या राशीला आला.

आम्ही म्हणजे 'डाइख लिनक्स'वाले; डाइख म्हणजे बंधारा, लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी मोफत प्रणाली. सतरा जण, सगळे फुकट राबणारे. जगभरचे हजारो मोफत प्रोग्रॅम गोळा करायचे, ते एकमेकांच्या उरावर बसत नाहीत ना ते तपासायचं, आणि दोन वर्षांतून एकदा त्यांचा संच बाहेर काढायचा. कुठल्या प्रोग्रॅमची कुठली आवृत्ती संचात घ्यायची, हे ठरवायची खुर्ची हार्टविगकडे. निवडून दिला आम्हीच. दुसरं कुणी रिकामं नव्हतं, एवढीच त्याची पात्रता.

मार्चच्या पंधरा तारखेला तो यादी गोठवतो. त्यानंतर यादी बदलायची तर सभा. यंदा त्याने डेस्कटॉपची, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची, चौथी आवृत्ती यादीत घातली. का? तर ती नवी आहे.

आमचाच संच वापरणारी गेझीने त्यार्क्स ('गेझीने' हे अख्खं नाव) जन्मांध. डॉक्टर लोक रेकॉर्ड करतात ते अहवाल ती घरी बसून टंकते, पडद्यावरची अक्षरं टिंबांनी उठवणाऱ्या ब्रेलपट्टीवर बोटांनी वाचून तपासते आणि इस्पितळाला पाठवते. चाचणीला आलेल्या चौथ्या आवृत्तीत तिची पट्टी मेली. जुन्या संचावर राहावं, तर त्याची डागडुजी सप्टेंबरात बंद होणार, आणि तसलं मशीन इस्पितळ जोडून घेत नाही. म्हणजे सप्टेंबरपासून काम गेलं. तिने जानेवारीपासून तीनदा तक्रार केली. हार्टविगने तिन्ही निकाली काढल्या. तक्रार चुकीच्या नमुन्यात होती म्हणे.

एप्रिलातल्या शनिवारी दुपारी, नेमबाजी क्लबच्या मागच्या खोलीत सभा भरली. आमच्याकडे चहाचे तीन कप झाल्याशिवाय कुणी मुद्द्याला हात घालत नाही. पुरे झालं की कपात चमचा ठेवायचा. तिसऱ्या कपाला गेझीने म्हणाली, "हार्टविग, तिसरी आवृत्ती परत घे."

"कशी घेऊ बाई? ज्यांच्या मशीनवर आपण चाचणी घेतो, त्यांच्याकडे चार पोचलीय. आता तीन पाठवली तर मशीन म्हणेल, ही जुनी, नको. आकडा खाली येत नाही."

"आकडा नाही येत. तू ये की."

लोक हसले. तो नाही हसला.

"शिवाय माहितीपत्रकं छापून झालीत," तो म्हणाला. "चारशे."

सभेच्या आधीच! मी एक उचललं आणि मोठ्याने वाचलं: "डेस्कटॉप चार. अंध वापरकर्त्यांसाठी संपूर्ण सोयीचा."

गेझीनेने पिशवीतून पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. "जोड तुझ्या लॅपटॉपला. दाखव सोय."

त्याने जोडली. तिने बोटं फिरवली. एक टिंब वर आलं नाही. मग या महाभागाने काय करावं? तिचा हात बाजूला सारून स्वतःचं बोट पट्टीवर दाबून पाहिलं. जसं काही याची सही ओळखून टिंबं उठून उभी राहणार होती.

"काय लिहिलंय रे?" गेझीनेने विचारलं. "मलाही वाचून दाखव."

त्याचे कान लाल झाले. मी म्हटलं, "वर आकडा चाराचा लाव, आत माल तिसऱ्याचा भर. नावातच लिहून टाक, 'चार, खरंतर तीन'. मशीन चार बघून घेईल, तिची पट्टी चालेल. या धंद्यातले सगळे अडले की हेच करतात."

"ही फसवणूक आहे!" हार्टविग म्हणाला.

"आणि हे?" मी माहितीपत्रक त्याच्या नाकासमोर धरलं.

त्याने कागद हातात घेतला आणि 'चार'वर बोट ठेवलं. अंध बाईचं काम जातंय याने तो हलला असं कुणी समजू नये. मी समोर बसले होते. मी बघितलं तो कशाने हलला. "म्हणजे चार राहील ना? बाहेरून?" त्याने विचारलं.

"राहील बाबा, राहील."

"मग हरकत नाही."

ठराव सतरा विरुद्ध शून्य. इतिवृत्तात त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'अध्यक्षांच्या सूचनेवरून'; अध्यक्ष म्हणजे तोच. वर 'संपूर्ण सोयीचा' हे वाक्य आता खरं झालं म्हणून माहितीपत्रकंही तशीच वाटायची ठरवली. अशा माणसाला शिवी देऊन तोंड कशाला विटाळायचं!

सोमवारी गेझीनेकडे गेले. नवा संच चढला होता, पट्टीवर टिंबं सरसरत होती. आवृत्तीच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"चार, खरंतर तीन," तिने वाचलं. "अगदी हार्टविगच की गं." चहाच्या कपात चमचा ठेवला आणि ती एका मूत्रपिंडाच्या अहवालाला लागली.