शेवटची दोन घरं

चंदीगडला आम्ही राहत होतो ती सरकारी क्वार्टरांची ओळ बरोबर बारा घरांची होती आणि गिटारवर ब्लूज नावाचं अमेरिकन संगीत वाजवायला मी त्या ओळीवरून शिकले. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

शेजारच्या घरातला मुलगा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. त्याला बहीण नव्हती, मला भाऊ नव्हता. त्याच्या आईनं, म्हणजे आंटीनं, आम्ही बदलीवर आलो त्याच वर्षी राखीला मला घरी बोलावून घेतलं आणि तेव्हापासून तो माझा वीरजी झाला. त्याच्याकडे दोन गिटार होत्या. नवी होती ती त्याची. मनीमाजऱ्याच्या बाजारातून जुनी घेतलेली, मानेला तडा गेलेली, ती माझी. कामाची वाटणीही तशीच. तो लीड, मी रिदम. पुढे राहून सूर आळवायचे त्यानं आणि मागे तेच ते ढुंग-ढक ढुंग-ढक वाजवत राहायचं मी.

पहिल्याच दिवशी तीन कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे तीन सूरगुच्छ, दाखवून तो मला फाटकाबाहेर घेऊन गेला. "देख, बारह घर हैं. पहले चार में एक कॉर्ड. पाँचवें-छठे में दूसरी. सात-आठ में फिर पहली. नौवें में तीसरी, दसवें में दूसरी. बस. यही चक्कर काटते रहना है."

"और आख़री दो?"

"वो मेरे. वहाँ तू चुप. मैं घुमाकर तुझे फिर पहले घर के गेट पे छोड़ दूँगा."

मी मान डोलावली. पण महिन्याभरातच माझं डोकं फिरलं. कॉलेजात जाणारी, घोड्यासारखी वाढलेली मुलगी, आणि काम काय, तर वीरजी मजेत गात असताना मागे जातं फिरवायचं. मी गिटार पलंगावर टाकून दिली आणि रिदम फार बोअरिंग असतो असं त्याला सुनावलं.

तो चिडला नाही. हसत पुन्हा गल्लीत घेऊन गेला. "सब एक ही नक्शे के हैं. वही ईंट, वही जाली, वही गेट. फिर भी आँख बंद करके बता देगी कौन-सा किसका है. कैसे?"

कसं म्हणजे? तिसऱ्या घराचं फाटक करकरायचं. पाचव्यात सदा मोहरीच्या तेलाचा वास. आठव्यातल्या म्हाताऱ्या बाबूजींच्या घरी इतकी सामसूम की आपणच हळू बोलायला लागायचो.

"तो नक्शा मत बदल," तो म्हणाला. "गेट की आवाज़ बदल."

मग त्यानं दाखवलं. एका घरात सगळ्या तारा छेडायच्या नाहीत, जाड दोनच घ्यायच्या. एका घरात तळहात तारांवर हलकेच टेकवून आवाज कोंडायचा. पाचव्या घरात शिरण्याआधी जाड तारेवर सुरांच्या तीन पायऱ्या चढायच्या, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की आता काहीतरी बदलणार. आठव्यात एक ठोका गिळून टाकायचा. मला सगळं समजलं. हाताला मात्र काही समजलं नाही. हात ढुंग-ढकच करत राहिला, आणि मी तोंड फुगवून वाजवत राहिले.

पंजाबातली ती वर्षं वाईट होती, दहशतवादाची. चौकाचौकात नाके, अधूनमधून कर्फ्यू, संध्याकाळ झाली की रस्ते ओस. बाबांना ऑफिसातून यायला उशीर झाला की आई स्वयंपाकघरातून दारापर्यंत येरझाऱ्या घालायची. शेजारच्या घरात ही भीती दुहेरी होती, हे मला तेव्हा नीट कळत नव्हतं. आमची माणसं नाक्यावरून ओळखपत्र दाखवून सुटायची. वीरजीची पगडी पाहिली की त्याला बाजूला उभं करायचे.

त्या हिवाळ्यात एक जीप आली आणि साध्या कपड्यांतली माणसं त्याला चौकशीसाठी म्हणून घेऊन गेली. अंकल, म्हणजे त्याचे वडील, रोज सेक्टर एकमध्ये या सरकारी कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिले. बाबाही रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. बऱ्याच दिवसांनी वीरजी परत आला. कुणी काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही. मुळात तो बोलतच नव्हता. मागच्या अंगणाकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. डाव्या हाताची बोटं सुजलेली, मिटत नव्हती. गिटार वाजवणाऱ्याला डाव्या हाताची बोटं म्हणजे काय, हे मला सांगायला नको होतं. मी घरी येऊन रडले.

आमची दोन्ही अंगणं एकमेकांना लागून, मध्ये एक भिंत. तिच्या वरच्या भागात जाळीच्या विटा होत्या. एका दुपारी आंटीनं त्या जाळीतून मला हाक मारली. "पुत्तर, तू बजाया कर. यहीं धूप में बैठके. मुझसे तो बोलता नहीं. शायद..."

मी मागच्या दाराच्या पायरीवर वाजवायला बसले. बारा घरं एकदा झाली, दुसऱ्यांदा सुरू झाली आणि जाळीतून मला दिसलं की वीरजीच्या खोलीच्या खिडकीशी एक हात आला आणि त्यानं खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशीही तेच. मला राग आला. वीरजीचा नाही, स्वतःचाच. त्याला तोच तो कंटाळवाणा रिदम ऐकवते आहे मी, खिडकी लावणार नाही तर काय करेल? मग मी कॅसेटवरून उचललेल्या अवघड कॉर्ड काढल्या, कुठे मोकळी जागा म्हणून ठेवली नाही, बोटं दुखेपर्यंत सजावट केली. खिडकी लागायचीच. आंटी भिंतीपलीकडून नुसती मान हलवायची.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. एका दुपारी मी दहाव्या घरात होते आणि आई आतून ओरडली, "अगं, दार वाजतंय, बघ की जरा. माझे हात पिठात हायत."

मी तारांवर हात ठेवून त्या बंद केल्या आणि कानोसा घेतला. दार काही वाजत नव्हतं. वळले तर समोर खिडकी. हात तिथं आलेला होता, कडीवर होता, आणि तसाच थांबला होता. थोड्या वेळानं तो मागे गेला. खिडकी उघडीच राहिली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खिडकी रोज लागत होती ती एकाच जागी. मी अकराव्या घरात पाऊल टाकलं की. तो नव्हता म्हणून शेवटची दोन घरंही मीच वाजवत होते. रिकामी कशी सोडायची, विचित्र वाटतं, म्हणून भरून टाकत होते. माणूस घरात जिवंत होता आणि मी त्याच्या खोलीत माझी खाट टाकून मोकळी झाले होते. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी पुढे वाजवलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दहा घरं वाजवायची आणि दोन सोडायची. तारा बंद, नुसता पायानं ठेका. मग पुन्हा पहिलं घर. आणि गंमत म्हणजे, जे हाताला कधी जमलं नव्हतं ते आता जमायला लागलं. त्यानं ऐकत राहावं, कडीवरचा हात पुन्हा येऊ नये, एवढीच मला काळजी. त्या काळजीनं हात आपोआप जपून चालायला लागला. तिसऱ्या घरात तार जराशी करकरली. पाचव्याच्या आधी तीन पायऱ्या चढले. आठव्यात एक ठोका गिळला, बाबूजींच्या घराची आठवण ठेवून. नकाशा तोच होता.

आईला मात्र चैन पडेना. "चांगलं वाजवत असतीस आणि मधीच गप का बसतीयास गं? येत न्हाई काय फुडचं?"

"येतं. पण ती जागा माझी नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग जाळीकडे पाहिलं. त्यानंतर तिनं मला दुपारच्या वेळी हाक मारली नाही.

खिडकी उघडी राहायची, पण दोन घरं रिकामीच जायची. दिवसामागून दिवस. कधीकधी वाटायचं, आता हे असंच. थंडी ओसरायला लागली. बाबांच्या बदलीची कुणकुण लागली आणि माझा जीव टांगणीला लागला, कारण हे असं अर्धवट टाकून मला गावाकडे, कोल्हापूरला, जायचं नव्हतं.

मग एका दुपारी, मी पहिल्या घरात असताना, भिंतीवर पलीकडून थाप पडली. सपाट हाताची. ढब-ढक, ढब-ढक. अगदी माझा तो जुना रिदम, ज्याला मी बोअरिंग म्हणून पलंगावर फेकलं होतं. काही सजावट नाही, पायऱ्या नाहीत, काही नाही. बोटं मिटत नसली तरी तळहात चालत होता. त्याच्याइतकं सुंदर मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही. डोळे भरून आले, तारा दिसेनात, तरी मी सोडलं नाही. पाचवं घर, सातवं, नववं. आता अकरावं येईल, आता तो आपली जागा घेईल, म्हणून दहावं संपताच मी हात तारांवर ठेवून गप्प झाले.

तर भिंतीवरची थापही थांबली.

गेला का आत? मी उठून जाळीशी गेले. पलीकडे आंटी परात हातात घेऊन जागच्या जागी उभी होती आणि भिंतीच्या पायथ्याकडे बघत होती. तिथून, अगदी माझ्या पायांपाशी, गंजल्यासारखा आवाज आला.

"ओए कुड़िए. रिदम पे मैं था. आख़री दो घर तेरे थे. सो गई?"

"नहीं वीरजी," मी म्हणाले, आणि खाली बसून पहिल्या घरापासून पुन्हा सुरुवात केली.