लागल्या की गं चपात्या अंगाला!

माझ्या नणंदेला मी लाडानं खाऊ घालून आजारी पाडलं.

वाचून कसंतरी झालं ना? मला वर्षभर होतंय.

रुपा सांगोल्याकडची. बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायला सोलापुरात आमच्याकडं राहायला आली. जरा अशक्तच होती.

गावाकडं रोज ज्वारीची भाकरी. चपाती म्हणजे सणाला, नाहीतर पाहुण्याला.
मी ठरवलं, पोरीला रोज पाहुणीसारखं ठेवायचं. तूप लावून घडीच्या चपात्या.

"वहिनी, भाकरी करा की. चपातीनं पोट लई फुगतंय."
"गप गं. अशक्त माणसाला भाकरी जड पडते. खा मुकाट्यानं."

बिचारी खायची.

सुट्टीत गावी गेली की पोट बरं व्हायचं. आम्ही म्हणायचो, आईच्या हातचा गुण!

मग तिचं पोट पुढं आलं. मी खूश.
"लागल्या की गं चपात्या अंगाला!"
ड्रेस घट्ट झाला, तर मीच शिलाई उसवून दिली.

पोटात पाणी झालं होतं.

सोनोग्राफीत कळलं, लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांत गुठळ्या. पुढच्या टेस्टमध्ये निघालं सिलिअ‍ॅक. म्हणजे गहू तिला चालतच नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "या आजारात क्वचित अशा गुठळ्या होतात. का होतात, नक्की माहीत नाही. गव्हामुळंच झालं असं मी म्हणणार नाही."

ते नाही म्हणणार. मी म्हणते.

गहू बंद झाला, रक्त पातळ करायची औषधं सुरू झाली. मी दवाखान्यात डब्यातून भाकरी नेली. रुपा हसली, "मिळाली बाई एकदाची!"
दोनच घास गेले. लिव्हरनं तोवर हात टेकले होते.

सासूबाई मला जवळ घेऊन म्हणाल्या, "तू तूप लावून घातलंस गं, इख न्हाय घातलंस."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुमच्या घरात कुणी म्हणत असेल, चपातीनं त्रास होतो, तर नखरे म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा. हात जोडते.

आज तिला जाऊन वर्ष झालं. सकाळी चुलत सासूबाई म्हणाल्या, "पानात पुरी तरी पायजेच की."
मी नाही म्हटलं. कणकेचा डबा उघडलाच नाही.

रुपा, भाकरी केलीय गं. सोबत शेंगाचटणी, दही.

जेव पोटभर. आज वहिनी काही बोलणार नाही.