शुद्ध केलेली माय

काकूंनी माझी कविता वाचून दाखवली आणि अख्खा हॉल हसला.

गाव स्टेट कॉलेज. पेनसिल्व्हेनियातलं विद्यापीठाचं गाव. काकांच्या घरी दिवाळी अंकाची बैठक होती. काका नात्यातले नव्हेत, तिथल्या मराठी मंडळातले मोठे. चांगल्या कंपनीत वरच्या जागेवर. आम्हा विद्यार्थ्यांकडे गाड्या नव्हत्या, तर दर शनिवारी ते आम्हाला किराण्याला घेऊन जात. मला उन्हाळ्यात त्यांच्या ऑफिसात इंटर्नशिप मिळवून देणार होते. काकू डबे भरून देत. हे सगळं खरं आहे. म्हणूनच बोलणं अवघड होतं.

मी विदर्भातली. माय नगरपालिकेच्या शाळेत झाडूवाली. त्याच शाळेत मी शिकले आणि शिष्यवृत्तीवर स्टॅटिस्टिक्स शिकायला अमेरिकेत आले. कविता अशी सुरू होत होती:

माही माय झाडे शाळा
मंग भरे माहा वर्ग

काकू "मंग"वर थांबल्या. नाकातून पुन्हा म्हणाल्या, "मंग." पुण्याची एक मुलगी म्हणाली, "सो क्यूट यार." सगळे हसले. मीही हसले. हे सांगायलाच हवं. मी हसले.

काकांनी लाल पेन काढलं. "विषय छान आहे गं. भाषा जरा शुद्ध करून देतो." पाच मिनिटांत करून दिली:

माझी आई शाळा झाडत असे
त्यानंतर माझा वर्ग भरत असे

मी म्हटलं, "काका, आम्ही घरी तसंच बोलतो."

ते अगदी प्रेमानं म्हणाले, "तुमच्या साहित्यात चालतं ते. हा अंक सगळ्यांचा आहे."

तुमच्या. आडनाव त्यांनी पहिल्या भेटीतच विचारून घेतलं होतं. गावही विचारलं होतं, म्हणजे खात्री झाली. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून अभ्यास केलेली मी. मी "थँक्यू काका" म्हटलं आणि डबा घेऊन निघाले.

त्याच आठवड्यात मला मिस व्हर्नाकडे टायपिंगचं काम लागलं. मिस व्हर्ना कवयित्री. कॅरिबियनमधल्या एका लहान बेटावरून विशीत न्यूयॉर्कला आलेली. आधी लोकांची मुलं सांभाळली, मग म्हातारी माणसं. आता साठीत आमच्या विद्यापीठात कविता शिकवत होती, तीही वर्षाच्या करारावर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी राबून बोटं वाकडी झाली होती, कीबोर्ड चालत नव्हता. हातानं लिहिलेली वही माझ्यापुढे टाकून ती खोलीत येरझारा घालायची. तिला एका जागी बसलेलं मी क्वचितच पाहिलं.

वहीतली पहिली कविता तिच्या आईवर होती. आई पहाटे डोक्यावर टोपली घेऊन बाजारात जाते. इंग्रजी मात्र मोडकं वाटलं मला. "गॉन" होतं, त्याच्याआधी "हॅज" नव्हतं. मी घातलं. पानोपानी घातलं. वाटलं, बाई खूश होईल.

तिनं प्रिंट वाचली. येरझारा थांबल्या.

"हा 'हॅज' कुणाचा?"

"माझा. ग्रामर चुकलं होतं."

"माझ्या आईनं जन्मात हा शब्द उच्चारला नाही. काढ."

मी काढायला लागले. लाल पेन नव्हतं माझ्या हातात, एवढाच फरक. काकांनी माझ्या कवितेचं केलं तेच मी चार दिवसांत दुसऱ्या बाईच्या कवितेचं केलं होतं. तेही मदत म्हणून.

मिस व्हर्ना खिडकीशी उभी राहून बोलत होती. तिच्या पहिल्या पुस्तकातली अशीच प्रत्येक ओळ रात्रीच्या कॉलेजातल्या तिच्या प्राध्यापकांनी नीट करून दिली होती. तिनं करू दिली. पुस्तक निघालं, कौतुक झालं. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं फोनवर आईवरची कविता वाचली. आई शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाई चांगली वाटते. तू तिच्याकडे कामाला आहेस का?"

"मालकिणीवर लिहिलंय असं वाटलं तिला," मिस व्हर्ना म्हणाली. "दुसरं पुस्तक मी आमच्या बोलीत लिहिलं. कुणी छापेना. झेरॉक्सच्या दुकानात पानं टाचून चर्चच्या दारात विकलं. तोवर आई गेली होती."

मला काहीतरी बरं बोलायचं होतं. ती म्हणाली, "बोलू नकोस. टाइप कर."

शनिवारी काकांची गाडी आली तेव्हा मी बसले नाही. खिडकीशी उभी राहून म्हटलं, "काका, कविता परत द्या. नाहीतर मी लिहिली तशीच छापा."

"अगं, तुझ्याच भल्यासाठी केलं ते. एवढं मनाला लावून घेतेस?"

"हो."

"मग छापता नाही येणार."

"नका छापू."

गाडीत मागे बसलेली मुलगी फोन बघत होती. काकांनी काच वर केली. बस येईपर्यंत थंडीत उभी राहिले आणि तेवढ्या वेळात तीनदा वाटलं, फोन करून सॉरी म्हणावं. केला नाही.

इंटर्नशिप गेली. मंडळाच्या ईमेल यायच्या बंद झाल्या. उन्हाळ्यात मी वसतिगृहाच्या खोल्या साफ करायचं काम धरलं. मिस व्हर्नाचा करार विद्यापीठानं वाढवला नाही. ती दोन बॅगा घेऊन बसनं न्यूयॉर्कला परत गेली. वही पूर्ण टाइप झाली होती, तिच्या पद्धतीनं.

मग मी मायला फोनवर माझी कविता वाचून दाखवली. तिनं स्वतःला लगेच ओळखलं. आणि चिडली.

"झाडूचं कायले सांगतं लोकाइले? तू तं शिकली ना आता?"

मला वाटलं होतं ती रडेल, मला शाबासकी देईल. तिला लाज वाटली. तिच्याकडून शाळा झाडून घेणाऱ्यांनीच तिला ती लाज शिकवली, आणि ती इतकी पक्की शिकवली की आता ती तिला स्वतःचीच वाटते.

हे मी प्रमाण मराठीत सांगतेय, कारण ज्यांना सांगायचंय त्यांना नीट कळलं पाहिजे. कविता मात्र मायच्याच तोंडच्या भाषेत होईल. तीत कुणाचं पेन चालणार नाही. आणि झाडू काढून टाक असं मायनं स्वतः सांगितलं, तरी मी काढणार नाही.