लाल धाग्यातल्या तीन चाव्या

गाडीतला लाल दिवा भराभर लुकलुकत होता आणि इंजिन चालू व्हायचं नाव घेत नव्हतं. दुपारचे सव्वातीन झाले होते. गाडी माझ्या टपरीला लागून उभी, आत साठेसाहेब घामाघूम. त्यांची रसायनीला कंपनीत पाचची ड्युटी. चारला निघायलाच पाहिजे होतं. तासाभरापूर्वी हीच गाडी चालवत ते माझ्याकडे आले होते. आता ती तिच्या स्वतःच्या, शोरूमवाल्या चावीनेसुद्धा चालू होईना.

"काका, गाडी बिघडली का हो?" साठेमॅडमनी विचारलं.

"चावीने गाडी बिघडत नाही," मी म्हणालो.

खरं तर मला माहीत नव्हतं.

मी चावीवाला. पनवेलला एसटी स्टँडच्या मागे बेचाळीस वर्षं माझी टपरी आहे. शाळा चौथीपर्यंत. कुलूप, कपाट, तिजोरी, स्कूटर, ट्रक, जे काही लोखंडाच्या दातांवर चालतं ते मला येतं. चावी हातात घेतली की कुठला दात झिजलाय ते अंगठ्याला कळतं. पण आता गाडीच्या चावीत दातांबरोबर चिपही असते. वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगतो. चावीच्या काळ्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाएवढी एक चिप असते. चावी लावली की गाडी त्या चिपला विचारते, तू आपली का? चिपने बरोबर जबाब दिला तरच इंजिन चालू राहतं. नाहीतर दात कितीही बरोबर कापा, उपयोग शून्य. ही विचारपूस करणाऱ्या यंत्राला इमोबिलायझर म्हणतात. आणि नव्या चावीची गाडीला ओळख करून द्यायची, त्याला प्रोग्रामिंग म्हणतात.

ते मला येत नाही. ते विलासला येतं.

विलास माझा मेहुणा. माझी बायको हिरा, तिचा धाकटा भाऊ. नवीन पनवेलला त्याचं काचेचं दुकान आहे. आत एसी. पाटीएवढ्या स्क्रीनचं मशीन गाडीला जोडतो, बोटाने चार ठिकाणी दाबतो, झाली चावी. कानस नाही, हात काळे नाहीत. हिरा घरी येऊन सांगायची, "आमच्या विलूने आज एवढी मोठी गाडी पाच मिनिटांत चालू केली." मी भाकरी मोडत बसायचो. मी तिच्यासमोर हजार कुलपं उघडली असतील, पण माहेरी जाऊन माझं असं कौतुक तिने कधी केलं असेल, मला वाटत नाही. जळत होतो म्हणा. जळतोच.

हिराला जाऊन चौदा महिने झाले. बाराव्याला सगळे पाहुणे बसलेले असताना विलास म्हणाला, "भाऊजी, आता टपरी बंद करा. माझ्या दुकानात येऊन बसा." मी म्हणालो, "तुझ्या दुकानात तू बस. आणि माझ्या दारातून उठ." तो उठला. तेव्हापासून बोलणं बंद.

त्यामुळे साठेसाहेब आले तेव्हा मी आधी विचारलं, "प्रोग्रामिंग कुठे करणार?"

"इथेच. मीच करणार," साहेब म्हणाले. त्यांनी खिशातून नवी कोरी चावी काढली. ऑनलाइन मागवलेली, चिप आत, पातं न कापलेलं. अशा कोऱ्या चावीला आम्ही ब्लँक म्हणतो. "मुलीचं लायसन्स आलंय. दोन चाव्या आहेत, तिसरी तिला. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय काका, आधीच्या दोन चाव्या असल्या तर तिसरी घरी करता येते. मशीन लागत नाही. तुम्ही फक्त कापून द्या."

"आणि नाही झालं तर त्या नवीन पनवेलच्या दुकानात जाऊ," मॅडम म्हणाल्या. "मी याला सांगत होते, आधीच तिकडे जाऊ. पण हा ऐकेल तर ना."

"अगं, पुस्तकात दिलंय सगळं."

"पुस्तकात वाचून तू मिक्सर पण दुरुस्त केला होतास."

"चालू झाला होता!"

"उलटा फिरत होता."

दोघं हसले. मला नाही हसू आलं. हल्ली नवराबायको असे भांडले की मी मान खाली घालून काम करतो. ह्या मॅडम फ्रॉकमध्ये असल्यापासून माझ्याकडे येतात. त्यांच्या वडिलांच्या स्कूटरची चावी मी केलेली. लग्नानंतर फ्लॅटचं कुलूप माझं, कपाटाची चावी माझी. एवढं एकच गिऱ्हाईक असं राहिलंय, की ज्याने विलासचं दुकान आतून बघितलेलं नाही. मी मनात म्हटलं, इथेच झालं पाहिजे.

ब्लँक मशीनला लावला, पातं कापलं, कानशीने कड मारली. दरवाजाला लावून बघितलं, लोण्यासारखी फिरली. मग नेहमीसारखा लाल धागा काढला, तिन्ही चाव्या डोक्याशी घट्ट बांधल्या आणि साहेबांच्या हातात दिल्या.

हा धागा हिराचा. ती टपरीवर बसायला लागली तेव्हापासून नियम होता. मूळ चावी आणि डुप्लिकेट एका धाग्यात बांधूनच गिऱ्हाइकाला द्यायच्या. घरी गेल्यावर त्यांनी काय वाटेल ते करावं, पण आपल्या टपरीवरून चावी एकटी जाता कामा नये. बेचाळीस वर्षांत आमच्याकडे कोणाची चावी हरवली नाही की बदलली नाही. ती गेल्यावर रीळ मी चालवतो. गाठ मला तिच्यासारखी येत नाही, पण बांधतो.

"हे बरं झालं," साहेब म्हणाले. "खाली पडणार नाहीत. दहा सेकंदांत चावी बदलायची असते."

कृती अशी. पहिली ओळखीची चावी लावायची, इंजिन चालू न करता फक्त दिवे लागेपर्यंत फिरवायची, तीन सेकंदांनी बंद करून काढायची. दहा सेकंदांच्या आत दुसरी ओळखीची चावी, तसंच. मग लगेच नवी. लाल दिवा तीन सेकंद सरळ पेटून विझला की गाडीने नवी चावी घेतली असं समजायचं.

साहेबांनी केलं. दिवा सरळ पेटला नाही, लुकलुकला. परत केलं. लुकलुकला. मॅडम मोबाइलवर सेकंद मोजत होत्या. तिसऱ्यांदा मी मोजले. चौथ्यांदा साहेबांनी नवी चावी सोडून जुनीच फिरवली, म्हणाले, इंजिन तरी चालू करून बघू. घर्र झालं आणि बंद. दुसरी जुनी लावली. तेच.

तिथे सव्वातीन झाले.

मी जे मला येतं ते केलं. नवी चावी मूळ चावीशी लावून भिंगातून दात बघितले. बरोबर होते. एक दात उगाच केसभर घासला. भोकात ग्रॅफाइटची पूड मारली. हे सगळं करताना मला पक्कं ठाऊक होतं की रोग दातांत नाही. पण हात रिकामे ठेवून उभं राहणार कसं? मॅडम बघत होत्या.

"ब्लँक खराब आलाय," मी म्हणालो. "ऑनलाइनचा माल."

"ब्लँक खराब, पण जुन्या चाव्या का चालत नाहीत?" साहेबांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता.

मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, त्या दुकानवाल्याचा नंबर आहे का तुमच्याकडे? काकूंचा भाऊ ना तो?"

"आहे."

"मग लावा ना. याची ड्युटी चुकेल."

साडेतीनला दहा कमी होते. विलासचा नंबर माझ्या फोनमध्ये नव्हता, बाराव्याच्या रात्रीच काढून टाकला होता. हिराच्या फोनमध्ये होता. तो फोन मी कानशींच्या डब्यात ठेवतो. रोज चार्ज करतो. त्यावर कोणी फोन करत नाही. उघडला. "आमचा विलू" असं नाव निघालं, शेजारी बदामाचं चित्र. माझा नंबर तिने कसा ठेवलाय ते मला माहीत होतं. "टपरी."

लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला, पण पलीकडून आवाज नाही. मला मग कळलं. त्याच्या फोनवर बहिणीचं नाव आलं असणार. मोठ्या बहिणीला तो बाय म्हणायचा. चौदा महिन्यांनी बायचा फोन.

"मी हाय," मी म्हणालो.

"माहीत हाय," तो म्हणाला. "दुसरं कोन असनार. बोला."

मी सांगितलं. गाडी कुठली, चाव्या किती, दिवा कसा लुकलुकतोय. मग त्याने विचारलं, "चाव्या सुट्ट्या हायेत का बांधलेल्या?"

"बांधलेल्या."

"लाल धाग्यात?"

"हो."

"तोडा."

मी हातातली कानस खाली ठेवली.

"भाऊजी, ऐका. चावी लावली की गाडी फक्त त्या चावीला विचारत नाय, तिथं जवळ जेवढ्या चिप असतील तेवढ्या सगळ्या एकदम बोलतात. तीन मान्सं एकदम बोलली तर तुमाला कलेल का कोन काय बोलतंय? गाडीला पन कलत नाय. गाडीला काय झालं नाय. धागा तोडा, दोन चाव्या लांब न्या, एकच लावा."

"हे तुला धाग्याचं कसं माहीत? तू टपरीवर कधी बसला नाहीस."

"टपरीचं काय? बायला लहानपनापासून सवय. माझ्या चपला ती धाग्यात बांधून ठेवायची, एक हरवायचो मी म्हनून. आयच्या बांगड्या पन जोडीने बांधायची. तुमाला काय वाटलं, तुमच्याकडं येऊन शिकली?"

मला तसंच वाटलं होतं. बेचाळीस वर्षं मी समजत होतो की हा धागा आमच्या दोघांचा आहे, माझ्या धंद्यासाठी तिने काढलेली युक्ती आहे. आणि हा माणूस मला फोनवर सांगतोय की तो आधी त्याच्या चपलांना होता. त्या क्षणी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा बाराव्यालाही आला नव्हता.

"काय म्हणतात?" मॅडमनी विचारलं.

मी कात्री घेतली. गाठ सोडवायला गेलो असतो, पण घट्ट बसली होती आणि वेळ नव्हता. तोडला. एक चावी साहेबांकडे, दुसरी मॅडमच्या हातात देऊन त्यांना समोरच्या रसवंतीपाशी उभं केलं, नवी माझ्या मुठीत घेऊन मी टपरीच्या मागे गेलो. चाळिशीतली बाई आणि सत्तरीतला म्हातारा चावी घेऊन दोन बाजूंना पळताना बघून रसवाला हसत होता.

साहेबांनी चावी फिरवली. इंजिन लागलं.

"लागलं का?" फोनमधून विलास.

"लागलं."

"आता बंद करा आनि पयल्यापासून घ्या, पयली, दुसरी, मग नवी. दहा सेकंद पुरतात, गडबड नका करू. एक बाहेर आली की लांब न्यायची, मगच दुसरी जवळ."

मॅडम रसवंतीवरून धावत आल्या, चावी दिली, पहिली घेऊन परत धावल्या. मी मोजत होतो. सात, आठ. मग मी धावलो, नवी दिली आणि दुसरी घेऊन लांब पळालो. नवी चावी आत गेली. लाल दिवा पेटला. एक, दोन, तीन. विझला. साहेबांनी नव्या चावीने इंजिन चालू केलं आणि हॉर्न वाजवला.

"बघ! पुस्तकात दिलं होतं," ते म्हणाले.

"पुस्तकात धाग्याचं होतं का?" मॅडम म्हणाल्या.

खरं म्हणजे होतं. साहेबांनी नंतर पान काढून दाखवलं, खाली बारीक अक्षरात. दुसऱ्या चाव्या जवळ ठेवू नयेत. वाचलं कोणीच नव्हतं. चारला पाच कमी असताना गाडी गेली.

फोन अजून चालूच होता. मी कानाला लावला. "झालं," म्हणालो.

"बरं झालं." मग म्हणाला, "भाऊजी, माझ्या दुकानाच्या उद्घाटनाला बाय आलती. मी तिच्यासाठी खुर्ची घेतलती, फिरती. म्हटलं, रोज दुपारी येऊन बस. ती बसली पन नाय. म्हनाली, टपरी उघडी ठेवून आलेय. जिंदगीभर तुमच्या त्या स्टुलावर बसली आनि माझ्या एसीत पाच मिनटं नाय. मला किती लागलं असेल तुमाला काय कलनार."

मी स्टुलाकडे बघितलं. त्याचा एक पाय मी विटेच्या तुकड्याने उचललेला आहे.

"खुर्ची हाय का अजून?" मी विचारलं.

"हाय. कोन बसतंय."

आता मी बुधवारी आणि शनिवारी दुपारी तिथे जातो. मशीन शिकतोय. अक्षरं इंग्रजी आहेत, विलास सांगतो कुठे दाबायचं, मी वहीत चित्र काढून घेतो. फिरत्या खुर्चीवर मी बसत नाही, उभा राहतो. तो चांगला कारागीर आहे. हे मी इथे लिहितोय, त्याला सांगितलेलं नाही. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक "वा" म्हणालं की अजूनही माझ्या पोटात दुखतं.

घरच्या कुलपांच्या चाव्या मी आधीसारख्या लाल धाग्यात बांधून देतो. गाडीच्या चाव्या वेगवेगळ्या पाकिटात. ज्याला घरी चावी प्रोग्राम करायची असेल त्याने एवढं ध्यानात ठेवावं की गाडीजवळ एका वेळी एकच चावी न्यायची, बाकीच्या लांब ठेवायच्या, आणि पुस्तकातली बारीक अक्षरं आधी वाचायची.

विलासचा नंबर परत माझ्या फोनमध्ये घातलाय. "दुकान" या नावाने.