पोलिसांच्या दोन खुर्च्या

ती घटना आठवली की आधी माणसं दिसत नाहीत, दोन रिकाम्या खुर्च्या दिसतात. नाट्यगृहातल्या, तिसऱ्या रांगेच्या कडेच्या. प्रयोग हाउसफुल्ल असला तरी त्या दोन जागांची तिकिटं विकली जात नसत. त्या पोलिसांच्या. तसा नियम मी कुठे वाचला नाही, तसा आदेश काढलेला पाहिला नाही. पण त्या काळी नाशिकमध्ये गाण्याची मैफल असो, ऑर्केस्ट्रा असो की नाटक, मी गेले त्या बहुतेक ठिकाणी अशा दोन जागा राखलेल्या असत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी उपनिरीक्षक म्हणून नवीनच रुजू झाले होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात बोलणं मोजकं, त्यात स्वभाव बुजरा. ‘सदर इसम’ आणि ‘मिळून आला’ असं पोलिसी मराठी लिहायला मला आमच्या हवालदारांनी शिकवलं. ते पन्नाशीचे, गोलमटोल, आणि कुठल्याही बंदोबस्तात आधी वडापावची गाडी शोधणारे. माझ्या गप्प बसण्याला ठाण्यात कोणी गर्व म्हणायचं, कोणी भित्रेपणा. थोडंथोडं दोन्ही असेल. पण गप्प बसणाऱ्याला सगळं ऐकू येतं. आमच्याकडे तक्रार घेऊन कोणीही आलं की ठाणे अंमलदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कुठं घडलं? हद्द कुठली?" पाकीट मारलेलं असो की नवऱ्याने मारलेलं असो, आधी हद्द. दुसऱ्या ठाण्याची हद्द निघाली की आपलं काम वाचलं.

एके दिवशी दुपारी एक मुलगी आली. वीस-बावीस वर्षांची, ओढणी डोक्यावरून घेतलेली, हाताच्या बोटांना गुलाबाच्या काट्यांचे ओरखडे. ठाणे अंमलदारांनी मान वर न करता विचारलं, "हद्द कुठली?"

"मखमलाबादकडून आले."

"मग तिकडच्या ठाण्यात जा. इथं नाही होत."

ती वळली. माझी खुर्ची दाराजवळ होती. मी तिला नुसतं हाताने बोलावलं. ती बसली आणि तिने असं काही विचारलं, जे मला त्या टेबलावर पुन्हा कधी कोणी विचारलं नाही.

"मॅडम, पोलिसांना नाटक शेवटपर्यंत बघता येतं का?"

शेजारी हवालदार चहा पीत होते. ते हसले. "अहो ताई, मला सख्ख्या मेहुणीचं लग्न शेवटपर्यंत बघता आलं नाही. मंगलाष्टकं चालू असताना बोलावणं आलं. जिलबी राहिली ती राहिलीच."

मुलगी हसली नाही. "मग तो पोलीस नाही," ती म्हणाली.

त्यांचं घर फुलशेतीवालं. गुलाब, शेवंती, निशिगंध. वडील, म्हणजे आप्पा, शहरातल्या कार्यक्रमांना हार आणि गुच्छ पुरवायचे. त्या निमित्ताने नाट्यगृहात त्यांची एका ‘साहेबां’शी ओळख झाली. गुन्हे शाखेत आहे, साध्या वेशात काम असतं, असं ऐकलेलं. दारावरचा माणूस त्याला सलाम करतो, मध्यंतरात त्याच्याकडून चहाचे पैसे कोणी घेत नाही. आप्पा हरखले. स्थळ काढलं. सुपारी फुटली होती आणि पुढच्या आठवड्यात साखरपुडा होता.

"आम्हाला सगळ्यांना तीन-चार वेळा नाटकाला नेलं त्यांनी, आमची तिकिटं आप्पा काढायचे," ती म्हणाली. "कमरेला पेजर असतो. एकदाही वाजला नाही. एकदाही अर्ध्यातून उठले नाहीत. मी आप्पांना म्हटलं, तर ते म्हणतात, तुला चांगलं स्थळ पचत नाय."

"तू तक्रार देशील का?" मी विचारलं.

"नाही. माझं नाव यायला नको, मॅडम. ते खोटे निघाले तर होणाऱ्या नवऱ्याला पकडून दिलेली पोरगी म्हणून माझं दुसरीकडे जमणार नाही. आणि खरे निघाले तर नवऱ्याची चौकशी केलेली बायको म्हणून जन्म काढायचा."

मी तिला शब्द दिला. शब्द देणं सोपं असतं, विशेषतः कमी बोलणाऱ्याला.

हवालदारांनी गुन्हे शाखेत विचारलं. त्या नावाचा अधिकारी तिथे नव्हता. आमच्या मोठ्या साहेबांसमोर मी उभी राहिले तेव्हा ते म्हणाले, "तक्रारदार कोण? कोणी नाही. गुन्हा काय? फुकट नाटक बघितलं. त्यासाठी आत टाकायचं म्हटलं तर आपलं अर्धं ठाणं आत जाईल." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "आधी स्वतः बघून या. तो तोंडाने स्वतःला पोलीस म्हणवतो का, ते बघा. गाजावाजा नको."

म्हणून मी साध्या वेशात शहरातले कार्यक्रम पाहत फिरले. नोकरीत त्या आठवड्याइतकं गाणं मी कधी ऐकलं नाही. गोदाकाठच्या एका सभागृहात शास्त्रीय गायन होतं. पुढे गादीवर जाणकार मंडळी माना हलवत होती, मागे आमच्या दोन खुर्च्या रिकाम्या. नाशिकरोडच्या एका मंगल कार्यालयात ऑर्केस्ट्रा होता. तिथल्या संयोजकाने स्वतःच सांगितलं, "साहेब मागच्या वेळी आले होते. फार साधा माणूस. आमच्या पोराला शिट्टी मारू नको म्हणाले, तर पोरगं खरंच गप्प बसलं."

रविवारी दुपारी नाट्यगृहात प्रयोग होता. मी खिडकीवर दोन तिकिटं काढली. हवालदार तिकिटाकडे टकमक बघत राहिले. "मॅडम, आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून आत चाललोय. बायकोला सांगितलं तर म्हणेल, ताप आहे का बघा."

आमच्या जागा मागे होत्या. पुढे त्या दोन खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या. मी दारावरच्या माणसाला मुद्दाम विचारलं, "तिथे बसलं तर चालेल?"

"नाही ताई, त्या पोलिसांच्या आहेत."

हवालदार खोकले.

"येतीलच साहेब," तो म्हणाला, आणि तिसऱ्या घंटेच्या आधी तो साहेब आला. बारीक कापलेले केस, इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले तांबडे बूट. ताठ चालणं. दारावरचा माणूस सावरून उभा राहिला. मागून आप्पा, पांढरी टोपी, हातात गुच्छाची टोपली. ती त्यांनी रंगमंचामागे पोचवली आणि येऊन होणाऱ्या जावयाच्या शेजारच्या खुर्चीत बसले. बसताना त्यांनी मागे वळून सगळ्या प्रेक्षागृहावर एक नजर टाकली. आपण कुठे बसलोय हे किती जणांनी पाहिलं, ते बघत होते. त्या नजरेने मला गोत्यात आणलं. इथे याची कॉलर धरली असती तर संध्याकाळपर्यंत मखमलाबादला बातमी गेली असती, आणि मुलीच्या नावासकट गेली असती.

"मध्यंतरात उचलू," हवालदार कुजबुजले. "चहाच्या स्टॉलजवळ."

मी नाही म्हटलं. पण मग काय करायचं, तेही मला ठाऊक नव्हतं.

मध्यंतरात तो आणि आप्पा चहा घेत उभे होते. मला फक्त त्याचं बोलणं ऐकायचं होतं. जवळ गेले आणि बुजल्यामुळे जे सुचलं ते बोलून टाकलं. "साहेब, तुम्ही पोलीस आहात ना? माझी पर्स गेली. इथल्या द्वारका चौकात, बसमध्ये चढताना."

"हो, मी पोलीसच आहे," तो म्हणाला. "आधी बसा. पाणी घ्या." त्याने स्टॉलवरून पाण्याचा ग्लास आणून दिला. "लागलं वगैरे नाही ना? घरी जाण्यापुरते सुटे आहेत?"

मी मान हलवली. तो आणखी काही विचारील म्हणून थांबले. पर्समध्ये काय होतं, बस कुठली होती, माणूस कसा होता, सगळं त्याने विचारलं. एक गोष्ट विचारली नाही. द्वारका कुणाच्या हद्दीत येते, हे त्याच्या मनातही आलं नाही. माझी खात्री पटली ती तिथे. मागे खांबाआड उभ्या असलेल्या हवालदारांकडे मी पाहिलं. त्यांनी वड्याचा घास हातातच धरला होता. त्यांनाही कळलं होतं.

"चला, ठाण्यात जाऊ," तो म्हणाला. "एकट्या बाईची तक्रार लवकर घेत नाहीत. मी येतो बरोबर."

"नाटक संपल्यावर गेलो तरी चालेल."

घंटा झाली. आप्पांनी विचारलं, "साहेब, दुसरा अंक?"

त्याने आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही बघा आप्पा. आम्हाला कुठलं नाटक पुरं बघायला मिळतं! ड्यूटी आहे." त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान होतं, ते मी पुढे पदकं स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावरही पाहिलं नाही.

ठाणं चालत जाण्याच्या अंतरावर होतं. हवालदार मागे वीस पावलांवर. रस्ताभर तो मला धीर देत होता. "आत गेल्यावर घाबरू नका. पोलीसपण माणसंच असतात." फाटक दिसलं तशी त्याची चाल मंदावली. मला वाटलं, पळेल. पळाला नाही. मी पुढे होते, माझी पर्स गेलेली होती, आणि त्याने शब्द दिला होता.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला पाहून टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट केला. माझ्याबरोबरच्या त्या साहेबाने सवयीने मान लववली, हात अर्धा वर नेला. मग पहारेकऱ्याची नजर कुठे आहे ते त्याच्या लक्षात आलं. हात तसाच राहिला, छातीपाशी.

चौकशी म्हणावी अशी करावी लागलीच नाही. मी समोर बसले आणि काही विचारलं नाही. शांतता फार थोड्यांना सोसते. तो येवल्याकडचा, इंदिरानगरला खोली घेऊन राहणारा, औषधाच्या दुकानात नोकरीला. पोलीस भरतीत दोनदा उंचीत मागे पडला होता. एकदा नाटकाला आला, तिकिटं संपली होती, दारात घुटमळत होता. दारावरच्या माणसाने त्याचे केस आणि बूट बघून आपणच विचारलं, "साहेब, ठाण्यातून का?"

"मी फक्त मान हलवली, मॅडम. त्याने मला त्या खुर्चीवर नेऊन बसवलं. मग पुढच्या वेळी त्यानेच ओळखलं. एकदा बंदोबस्ताचा एक शिपाई होता, त्यानेही सलाम केला. त्या दिवशी मला झोप लागली नाही."

"आणि लग्न?"

"सांगणार होतो. प्रत्येक नाटकाच्या वेळी वाटायचं, आज पडदा पडला की सांगू."

हवालदार पंचांना आणायला बाहेर गेले. तेव्हा त्याने हळूच विचारलं, "मॅडम, तुमची पर्स खरंच गेली होती का?"

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

लोकसेवक असल्याची बतावणी केल्याचा गुन्हा दाखल झाला. फिर्यादी सरकारतर्फे मीच. बातमी कुठून मिळाली त्या जागी ‘गोपनीय बातमीदाराकडून’ एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी आप्पांना जबाबासाठी बोलावलं. ते टोपी हातात घेऊन बसले होते. मोठे साहेब त्यांना म्हणाले, "पोरगी द्यायच्या आधी ओळखपत्र तरी मागायचं की नाही?"

"कसं मागू, साहेब?" आप्पा म्हणाले. "तुमचा शिपाई त्याला सलाम करत व्हता. त्यानं मागितलं नाय. मी तर हार विकणारा माणूस."

संध्याकाळी मोठ्या साहेबांनी नाट्यगृहात फोन करून त्या दोन जागांची तिकिटं विकायला सांगितलं. ती किती दिवस विकली गेली, मला माहीत नाही.

मुलगी महिनाभराने आली. या वेळी ठाणे अंमलदारांनी तिला ओळखलं नाही, आणि तेच बरं होतं. ती टेबलावर शेवंतीची पुडी ठेवून उभी राहिली.

"माझं नाव नाही ना आलं?"

"नाही."

"आप्पा अजून म्हणतात, नशीब, आपोआप पकडला गेला." ती थोडी हसली. मग म्हणाली, "मॅडम, माणूस वाईट नव्हता हो. आमच्या आजीचा हात धरून पायऱ्या उतरवायचा. मला नंतर फार वाईट वाटलं. पण संसार काय राखीव खुर्चीवर बसून करायचा असतो?"

तिचं लग्न पुढे झालं, इतकंच कानावर आलं.

तोतया कसा ओळखायचा, असं मला प्रशिक्षणार्थी विचारायचे. मी ओळखपत्र, बोलण्यातली विसंगती, असं नेहमीचं सांगायचे. खरं उत्तर सांगणं अवघड होतं. तो पकडला गेला, कारण आमच्यापैकी कोणीही वागलं नसतं तसा तो वागला. खुर्ची आमची होती, सलाम आमचा होता, तेवढं वागणं त्याचं स्वतःचं होतं.

पुढे मी ठाण्याची प्रमुख झाले तेव्हा एक म्हातारी रडत आत आली. नव्या उपनिरीक्षकाने मान वर न करता विचारलं, "हद्द कुठली?" मी माझ्या खोलीतून उठून बाहेर आले, माठातलं पाणी ग्लासात ओतलं आणि म्हटलं, "आधी बसा. पाणी घ्या." निवृत्त होईपर्यंत आमच्या ठाण्यात आलेल्या माणसाशी पहिलं बोलणं तेच राहिलं. नव्या पोरांना वाटायचं, मॅडम हे अकादमीत शिकल्या असतील.