रंगाचा गळ

सकाळी सातला फोन वाजला. इतक्या सकाळी मला फक्त रंगा फोन करायचा, म्हणून नाव न बघताच मी म्हणालो, "बोल रे, येड्या." पलीकडून हिरावहिनी बोलल्या, "भाऊजी, हे गेले हो..." मळ्यात झेंडू तोडता तोडता बांधावर टेकला, तो उठलाच नाही. त्याला आता सहा आठवडे झाले. सात वाजले की माझा हात अजून फोनकडे जातो.

रंगनाथ मखमलाबादचा माळी आणि मी नाशकातला कारकून. उभं आयुष्य गोदावरीकाठच्या एकाच खडकावर आम्ही शेजारी शेजारी गळ टाकून बसलो. बोलणं बेताचंच. "लागला का?" "नाय." की पुन्हा पाण्याकडे बघत बसायचं.

मासे पकडणाऱ्यांनीच मासे वाचवायचं मंडळ कसं काढलं, असं लोक हसत विचारतात. रंगा दर सभेत तीच हकिगत सांगायचा. एका आषाढात पाण्यावर मरळीच्या पिल्लांचा लालसर पुंजका दिसला. पिल्लांजवळ काहीही आलं की राखणीची मरळ धावून येते, हे गळवाल्यांना पक्कं ठाऊक. गळ नेमका त्या पुंजक्यात टाकला. हातभर मरळ लागली! पिल्लं मात्र तिथेच घिरट्या घालत राहिली, आणि खालून दुसऱ्या माशांनी एकेक करून ती सगळी खाल्ली. "ती मरळ मी मारली," रंगा मान खाली घालून सांगायचा. तेव्हापासून आमची रीत पडली. मृग लागला की सगळ्यांनी आपापले गळ नावाच्या चिठ्ठीत गुंडाळून रंगाच्या बिस्किटाच्या डब्यात टाकायचे, ते भाद्रपद सरल्यावर परत घ्यायचे. सुरुवातीला आम्ही दोघंच होतो, हळूहळू काठावरचे सगळे आले.

आज खरं लिहितो. तो गळ माझा होता. "अशोक, नको टाकू, पिल्लं हायेत," असं रंगा सांगत असताना मी टाकला. पहिल्या सभेत कोणीतरी विचारलं, मरळ मारली कोणी? माझी बोबडी वळली, आणि रंगा उभा राहिला. परतताना मी चिडलो, तर म्हणाला, "तुझं तोंड पार उतरलं व्हतं. माझं काय जातंय?" पुढच्या सभेत सांगू, पुढच्या सभेत सांगू, असं करत इतकी वर्षं गेली. लाज वाटते हो.

गेल्या रविवारी वहिनींनी डबा माझ्या हातात दिला. "गळ वाटायची वेळ झाली, आता तुम्हीच द्या." नदीवर सगळे जमले तेव्हा आधी मी सांगून टाकलं. आपापली चिठ्ठी घेऊन एकेक जण निघून गेला. ज्याने ऐकायला हवं होतं, तोच नव्हता...

तळाशी रंगाची चिठ्ठी उरली. उघडली. गळाचं टोक कानशीने घासून पार बोथट केलेलं, आणि त्या घासलेल्या जागेवर जुना गंज. त्या आषाढानंतर त्याला एकही मासा लागला नव्हता. "तुझ्या हाताला झेंडूचा वास येतो, मासे पळतात," असं मी त्याला चिडवायचो, आणि तोही हसायचा. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस फक्त माझ्या सोबतीला बसत होता.

काल तोच गळ माझ्या दोरीला बांधून खडकावर गेलो. अंधार पडेपर्यंत बसलो. लागला का, असं कोणी विचारलं नाही.