माल किती भरता?

मांडवाचं सामान भरलेला आमचा नवा इलेक्ट्रिक टेम्पो माजिवड्याच्या पुलाच्या चढावर थांबला आणि माझं डोकंच फिरलं. टिटवाळ्याहून वर्तकनगरला लग्नाच्या मांडवाचे लोखंडी खांब पोचवायचे होते. मागून हॉर्न वाजत होते. बॅटरी तर पोचायच्या आधीच तळाला गेलेली. स्टिअरिंगवर धाकटा भाऊ होता. त्या दिवशी त्यालाही शिव्या घातल्या मी.

दुसऱ्या दिवशी तडक शोरूम गाठलं. लहान मोटर आणि छोटी बॅटरी आमच्या गळ्यात मारली म्हणून सेल्समनला सगळ्यांसमोर झापला. त्याने ऐकून घेतलं आणि गाडी घेताना भरलेला आमचा फॉर्म काढून पुढे ठेवला. रोजचा माल, पाचशे किलो. खाली सही माझी.

भरतो आम्ही दीड टन. पण नाक्यावर पोलिसाने विचारलं की पाचशेच सांगायचं, अशी वीस वर्षांची सवय. मोठी मोटर सेल्समनने दाखवलेली. मीच म्हणालेलो, "एवढी काय करायचीय?"

राग उतरत नव्हता आणि आता काढायला माणूसही उरला नव्हता. सेल्समनने कोरा फॉर्म घेतला. "मोठ्या मोटरची गाडी बदलून मिळते का बघतो. पण काका, आता खरं सांगा, माल किती भरता?"

"जास्तीत जास्त सहाशे," मी त्याच्यावर खेकसलो.